दोघांचा पहिला अल्बम: रॅप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र बांधण्याची रीत

२००५ साली 'थर्टीन अँड गॉड' या नावाचा अल्बम आला. त्यामागे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा देमसेल्व्ह्ज हा हिपहॉप गट होता आणि जर्मनीत, बव्हेरियातल्या वाइलहाइम या लहानशा गावचा द नॉटविस्ट हा गट होता. एकीकडे पहिल्या गटातल्या डोसवनचा झपाट्याने धावणारा, किंचित नाकातला रॅप, तर दुसरीकडे दुसऱ्या गटातल्या मार्कुस आखरचा अगदी हलका, कानाशी बोलल्यासारखा गाता आवाज. हे दोन आवाज एकाच अल्बममध्ये नांदतात आणि त्यातला कोणीही दुसऱ्याच्या घरी आलेला पाहुणा वाटत नाही. रॅप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांचा मेळ घालू पाहणाऱ्या बहुतेक जोड्यांचे काम नेमके इथे अडते. एकाने पूर्ण सजवून ठेवलेल्या बीटवर, म्हणजे रॅपमागच्या संगीतावर, दुसरा येऊन रॅप करून जातो, किंवा रॅपरच्या गाण्याला मागाहून सिंथचा (सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) मुलामा दिला जातो, आणि दोघांच्या नावाने निघालेला अल्बम प्रत्यक्षात एकाचाच राहतो.

आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत 'काय जागा घेतली!' अशी दाद दिली जाते. ती जागा गायकाला घेता येते, कारण तबला आणि पेटी वाजवणाऱ्यांनी ती मोकळी ठेवलेली असते. जोड-अल्बमचे बरेचसे तंत्र ही जागा कुठे, किती आणि कोणासाठी सोडायची, हे ठरवण्याचे आहे. एक जण मराठीत रॅप करणारा आणि दुसरा घरच्या संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीत रचणारा, अशी जोडी डोळ्यांसमोर ठेवून पुढची रीत लिहिली आहे.

सुरांच्या आधी कागद

पहिली बीट उघडण्यापूर्वी दोघांनी एक पानाचा लेखी करार करावा. मैत्रीत कागद कशाला, हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. पण गाणे लोकांना आवडू लागल्यावर हा कागद करायला बसणे फार अवघड जाते, हेही मी पाहिले आहे.

करार करताना १९५७च्या कॉपीराइट कायद्यातला एक भेद लक्षात ठेवावा. शब्द ही साहित्यकृती, चाल आणि रचना ही संगीतकृती, आणि त्यांचे ध्वनिमुद्रण ही तिसरी, स्वतंत्र गोष्ट होय. म्हणून 'सगळे अर्धे-अर्धे' एवढेच लिहून भागत नाही. तिन्ही ठिकाणचा वाटा वेगळा लिहावा लागतो. बीटची चाल रॅपरने गुणगुणून सुचवली असेल, तर संगीतकृतीत त्याचाही हिस्सा येतो. हक्क कोणाला सोपवायचे असतील, तर त्याचा करार लेखीच असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) समान वाटा त्यांना कोणा कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही, त्यामुळे पुढे कोणी 'सगळे हक्क' मागणारा कागद समोर ठेवला तर हे कलम दोघांनाही ठाऊक असलेले बरे.

याशिवाय चार बाबी लिहून ठेवाव्यात. खर्च कोणी कसा उचलायचा, जोडीचे नाव कोणाचे, एकाला एखादे गाणे नकोच असेल तर ते अल्बममध्ये जाईल का, आणि जोडी मोडली तर न वापरलेल्या बीट व शब्द कोणाकडे परत जातील.

वेग बोलण्यातून काढावा

इलेक्ट्रॉनिक संगीताची सवय मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांची असते, तर निवांत हिपहॉप साधारण ८५ ते ९५च्या आसपास चालते. या दोन सवयींची सरासरी काढून १०५वर यावे, ही पहिली आणि सर्वांत सहज होणारी चूक आहे. त्या वेगात पुष्कळदा नाच रंगत नाही आणि बोलणेही घाईचे होते.

त्यापेक्षा रॅपरने आपला लिहिलेला मजकूर कोणतीही बीट न लावता, समोरच्याला काही सांगावे तसा फोनवर तीन वेळा बोलून ठेवावा. ते ऐकताना दुसऱ्याने पायाने ठेका धरून वेग मोजावा. मराठी बोलण्याचा स्वाभाविक ठेका माझ्या अनुभवात बहुधा ७८ ते ९२च्या दरम्यान सापडतो. समजा ८४ मिळाला, तर हाय-हॅट (झांजेचा बारीक आघात) किंवा सिंथचा आवर्ती तुकडा दुप्पट वेगाने, म्हणजे १६८ने धावू शकतो आणि किक (ढोलाचा जड ठोका) व स्नेअर (कडक, कोरडा ठोका) ८४वर राहू शकतात. ऐकणाऱ्याला दोन्ही वेग एकदमच जाणवतात. १४० आणि ७० यांची जोडीही याच कारणाने इतकी वापरली जाते.

वेगाइतकाच महत्त्वाचा झोल, म्हणजे एकाआड एक आघात किंचित उशिरा वाजवणे, ज्याला बीट करणारे स्विंग म्हणतात. १९८८ साली आलेल्या अकाई कंपनीच्या एमपीसी-६० या बीट करण्याच्या यंत्रात त्याचे रचनाकार रॉजर लिन यांनी स्विंगसाठी टक्क्यांची सोय दिली होती आणि ते आकडे आजही बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तसेच चालतात. ५० टक्के म्हणजे काटेकोर सरळ आणि ६६ टक्के म्हणजे तिश्र चालीतला पूर्ण झोल. ५४ ते ५८ टक्क्यांच्या दरम्यान हाय-हॅट ठेवली की रॅपला बसायला सैलपणा मिळतो. सिंथला तोच झोल द्यावा की सरळ ठेवावे, हा मात्र प्रत्येक गाण्याचा स्वतंत्र निर्णय आहे. दोन्ही वाजवून पाहावे, आणि मुद्दाम सरळ ठेवलेले सिंथ लंगडत असल्यासारखे वाटले तर त्याला झोल द्यावा.

ओळ मोजण्याचे काम

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण इथली चूक पुढे मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवताना, दुरुस्त होत नाही.

चार ठोक्यांचा एक बार, आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले तर एका बारमध्ये सोळा घरे होतात. ८४च्या वेगात एक बार २.८६ सेकंदांचा आणि सोळा बारचे कडवे जवळपास ४६ सेकंदांचे होते. आता ही ओळ घ्या:

रात्रपाळी सुटली तरी डोळ्यात झोप नाही

लिहिलेली अक्षरे मोजली तर ती बरोबर सोळा भरतात, आणि कागदावर पाहणाऱ्याला वाटते की सगळी घरे भरली. पण मराठी बोलताना 'सुटली'मधला ट पूर्ण उच्चारला जात नाही, 'डोळ्यात'मधला त आणि 'झोप'मधला प शेवटी थांबतात. बोलून मोजली तर ही ओळ तेराच आघातांची आहे, म्हणजे श्वासासाठी तीन घरे उरतात. अभंग गाताना आपण हा दडलेला 'अ' मोकळा करून गातो, म्हणून मोठ्या अभंगाचा सहा, सहा, सहा, चार हा हिशोब अक्षरांवर चालतो. रॅप हे बोलणे आहे आणि तिथे हिशोब कानावरच करावा लागतो. ज्याला अभंगाची किंवा ओवीची सवय आहे, त्याने हा फरक विशेष सांभाळावा, कारण त्याचा हात अक्षरे मोजण्याकडे आपोआप जातो.

आता त्याच ओळीतून 'तरी' काढून टाका. 'रात्रपाळी सुटली, डोळ्यात झोप नाही' या ओळीचे अकरा आघात होतात, पाच घरे मोकळी राहतात, आणि स्वल्पविरामापाशी सिंथचा दोन सुरांचा छोटा तुकडा सहज बसतो. अर्थ तोच राहतो, उलट 'तरी' गेल्यामुळे तो थोडा उघडा, धारदार होतो. कडव्याच्या चार ओळींपैकी किमान एक ओळ अशी सैल असावी आणि ती कोणती, हे दोघांनी कागदावर खूण करून ठरवावे. इलेक्ट्रॉनिक संगीतकाराला आपले म्हणणे मांडण्याची हीच वेळ मिळते. रॅपर सगळी सोळा घरे भरत गेला, तर संगीताला फक्त मागे उभे राहणे उरते आणि मग तो संगीतकार आपली हौस कडवे संपल्यावर दीड मिनिटाच्या वादनात भागवतो, ज्यात ऐकणारा निघून जातो.

बीट अर्धीच पाठवावी

द पोस्टल सर्व्हिस या जोडीचा अल्बम २००३ साली सब पॉप या कंपनीने काढला. लॉस एंजेलिसमध्ये जिमी टॅम्बोरेलो यांनी केलेले संगीत टपालाने सिएटलला बेन गिबर्ड यांच्याकडे जाई आणि त्यावर ते चाल व शब्द चढवत. जोडीचे नाव त्यातूनच आले. त्या संगीतात हिपहॉप नाही, पण कामाच्या या पद्धतीत आपल्याला उपयोगी असा एक गुण आहे: पाठवणाऱ्याला दुसऱ्याचे काम परत येईपर्यंत हात आवरावा लागतो.

आज फाइल क्षणात पोहोचते, म्हणून ही शिस्त नियमानेच आणावी लागते. संगीतकाराने आठ बारचे एक चक्र, तालवाद्ये, बेस आणि फक्त एक सिंथ एवढेच पाठवावे. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने एकच मोठा बदल करावा आणि सात दिवसांत परत पाठवावे. सात गाण्यांच्या अल्बमसाठी दहा-बारा कच्ची गाणी सुरू करावीत, कारण त्यातली काही तिसऱ्या फेरीतच आपण होऊन गळतात.

फाइलींबाबत एकच ठरवून घ्यावे: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूप, आणि प्रत्येक स्टेम (एकेका वाद्याची किंवा आवाजाची वेगळी फाइल) गाण्याच्या पहिल्या बारपासून सुरू होणारा. एकाने ४४.१वर केलेला आवाज दुसऱ्याच्या ४८च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न होता उघडला गेला, तर तो जवळपास दीड अर्धस्वर चढा आणि घाईचा वाजतो. एका गाण्यात आम्ही असा चढलेला आवाज आठवडाभर खराच समजून त्यावर सिंथ सुरात लावत बसलो होतो आणि ते सगळे सिंथ पुन्हा करावे लागले. या स्वरूपातला स्टीरिओ आवाज मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट जागा घेतो, त्यामुळे चार मिनिटांच्या गाण्याचे वीस स्टेम दीड गिगाबाइटच्या जवळ जातात. साठवणीची व्यवस्था आधीच पाहावी. फाइलच्या नावात गाण्याचा क्रमांक, वेग, मूळ स्वर आणि कितवी आवृत्ती एवढे असले म्हणजे पुरे.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा

हिपहॉप जुन्या तबकड्यांतून सॅम्पल उचलून वाढले, म्हणून मराठी रॅपरलाही जुन्या चित्रपटगीताचा किंवा लावणीचा तुकडा घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. 'सात सेकंदांपर्यंत चालते' हा समज मात्र निराधार आहे. भारतीय कायद्यात अशी सेकंदांची सूट कुठेही नाही. तुकडा स्वतः वाजवून घेतला तर ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा प्रश्न सुटतो, पण चालीचा हक्क शिल्लक राहतोच. ज्या अल्बमसाठी परवानग्यांचे पैसे नाहीत, त्यासाठी सोपा मार्ग असा की संबळ, दिमडी किंवा हलगी वाजवणाऱ्या कलावंताला मानधन देऊन तासभर बोलवावे, त्याचे वादन स्वतः ध्वनिमुद्रित करावे, वापराची लेखी परवानगी त्याच वेळी घ्यावी आणि मग त्याचेच तुकडे कापून बीट करावी. हलगीचा कडक, कोरडा आघात स्नेअरवर चढवला तर असा आवाज मिळतो, जो विकतच्या कोणत्याही साठ्यात सापडणार नाही.

आवाज धरताना

स्टुडिओ घेणे परवडत असेल तर फक्त आवाजासाठी घ्यावा. बाकी सगळे घरी होते. घरीच करायचे असेल तर कपड्यांनी भरलेले कपाट उघडून रॅपरला त्याकडे पाठ करून उभे करावे, कारण माइक ज्या दिशेने ऐकतो ती दिशा मऊ असावी लागते. दोन्ही बाजूंना दोरीवर गोधड्या टाकाव्यात, पंखा बंद करावा आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या थांबल्यावर काम सुरू करावे. माइकपासून एक वीत अंतर ठेवावे आणि आवाजाची शिखरे उणे १० डेसिबलच्या आसपास राहतील इतकाच गेन (माइकच्या आवाजाची वाढ) द्यावा.

मराठीची स्वतःची काही पथ्ये आहेत. फ, भ, ख, ध या महाप्राण व्यंजनांचा श्वास माइकवर थडकतो, म्हणून पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी) असला तरी माइक तोंडासमोर सरळ न ठेवता थोडा तिरपा ठेवावा. 'चमचा'तला च आणि 'चार'मधला च वेगळे आहेत. पहिल्याची फुसकारी जास्त असते आणि मागाहून सिसकारा कमी करणारे साधन लावले की कधी कधी तो स च्या जवळ जातो. सर्वांत जास्त हाल ळ चे होतात. वेगात जीभ वळायला वेळ मिळत नाही आणि 'काळ'चा 'काल' होतो. एका कडव्याची पूर्ण झालेली रेकॉर्डिंग मी माझ्या आत्याला ऐकवली आणि ऐकलेले शब्द तिला वहीत लिहायला सांगितले. तिने सगळे कडवे नीट लिहिले, फक्त 'काळ थांबला'च्या जागी 'काल थांबला' लिहिले, आणि त्या एका अक्षराने कडव्याचा अर्थ नाहीसा झाला होता. आम्ही ती ओळ पुन्हा घेतली, तेव्हा 'काळ'नंतर एक घर मोकळे सोडले. तेव्हापासून ज्याने शब्द वाचलेले नाहीत अशा एका माणसाकडून प्रत्येक गाणे लिहून घेणे ही माझी कायमची पायरी झाली आहे.

मुख्य आवाजाचे तीन-चार पूर्ण टेक घ्यावेत. ओळींच्या शेवटच्या शब्दांवर तेवढाच डबल, म्हणजे तेच शब्द पुन्हा म्हणून वर चढवलेला थर, घ्यावा. संपूर्ण कडव्यावर डबल चढवला की सिंथला शिरायला वाट राहत नाही. संगीत करणाऱ्याला गाता येत असेल, थोडेसे का होईना, तर हुक (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ) त्याच्या आवाजात करून पाहावा. दोन वेगळ्या पोतांचे आवाज एकत्र आले की जोडीचे खरे रूप दिसू लागते, आणि त्याचा आवाज कच्चा असणे आड येत नाही.

मिक्स: कोणी कुठे राहायचे

खालचा भाग प्रथम सोडवावा. रोलंडच्या ८०८ या ताल-यंत्राच्या धाटणीची लांब किक आणि सिंथ बेस हे दोघे एकाच जागेवर हक्क सांगतात. प्रत्येक गाण्यात तळ कोण सांभाळणार हे ठरवावे आणि दुसऱ्याला ८० ते १०० हर्ट्झच्या वर ठेवावे. लांब किक असेल तर ती गाण्याच्या मूळ स्वराशी जुळवून घ्यावी.

मधल्या पट्ट्यात रॅपचा आवाज आणि सिंथचे पसरलेले सूर एकमेकांवर येतात. शब्दांची स्पष्टता मुख्यतः २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असते. संपूर्ण गाण्यात सिंथचा तो भाग कापून टाकला तर सिंथ निर्जीव होतो, म्हणून रॅप चालू असतानाच तेवढ्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल खाली जाईल आणि ओळ संपताच परत वर येईल, अशी साइडचेनची व्यवस्था करावी. मोकळ्या सोडलेल्या घरांत सिंथ आपोआप पुढे येतो आणि कडवे लिहिताना केलेला हिशोब इथे कानाला ऐकू येतो. ओळीच्या शेवटी प्रतिध्वनी सोडायचा असेल तर ८४च्या वेगात एक ठोका ७१४ मिलिसेकंदांचा आणि त्याचा पाऊण भाग ५३६चा असतो. दुसरा आकडा बोलण्याच्या मध्ये येत नाही, म्हणून मी तो आधी लावून पाहतो.

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, शक्यतो तिसऱ्या माणसाला द्यावे, कारण दोघांचेही कान एव्हाना आपापल्या भागाच्या बाजूने झुकलेले असतात. स्पॉटिफाय आवाजाची पातळी साधारण उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आसपास आणते, तेव्हा गाणे पिळून काढून मोठे करण्यात फायदा नाही. खरी शिखरे उणे १ डेसिबलच्या खाली राहतील एवढे पाहावे.

क्रम आणि प्रकाशन

सात गाणी, साधारण २८ मिनिटे, एवढा पहिला अल्बम पुरे होतो. पुढे कधी तबकडी काढायची इच्छा असेल तर बारा इंची, ३३ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला १८ ते २२ मिनिटे नीट मावतात, हेही क्रम लावताना लक्षात ठेवावे. एक गाणे रॅपशिवाय आणि एक गाणे तालाशिवाय असावे, असा माझा आग्रह असतो. पहिले गाणे मात्र असे निवडावे, ज्यात पहिल्या तीस सेकंदांत दोघेही ऐकू येतात.

प्रकाशनाचे काम किचकट आहे, पण अवघड नाही. वितरकाकडे, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग सेवांपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, ती निदान चार आठवडे आधी द्यावीत. प्रत्येक गाण्याला ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा बारा चिन्हांचा आयएसआरसी क्रमांक लागतो. तो बहुतेक वितरक देतात. गीतकार आणि संगीतकार म्हणून दोघांनी १९६९पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या स्वामित्वधन गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचे सभासद व्हावे आणि करारातले वाटे तिथे जसेच्या तसे नोंदवावेत. मुख्य कलाकार म्हणून जोडीचे नाव द्यावे. एकाचे नाव मुख्य आणि दुसऱ्याचे 'फीचरिंग'खाली गेले तर पुढच्या प्रत्येक यादीत तसेच राहते. शब्द देवनागरीत चढवावेत आणि ळ कुठे ल झाला नाही ना, हे स्वतः तपासावे.

सर्वांत शेवटी सगळे स्टेम, न वापरलेली कडवी, गळालेली चार-पाच कच्ची गाणी आणि तो एक पानाचा करार दोन वेगळ्या डिस्कवर साठवून एकेक डिस्क दोघांनी आपापल्या घरी ठेवावी. थर्टीन अँड गॉडचा दुसरा अल्बम पहिल्यानंतर सहा वर्षांनी, २०११ साली आला.